लाळेऱ्याखालचं अक्षर

गुरुजी यायच्या आधीच सेइजीने किनुएला घरामागे लाकडांच्या ढिगाआड गाठलं. नागोयाहून निघताना घातलेला काळा सूट त्याने सकाळपासून उतरवला नव्हता, आणि वाडीतल्या थंडीत तो त्याच्या अंगावर उसना आणल्यासारखा दिसत होता. आई गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला नोरिए येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. चोवीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला या घराची पायरी चढू दिली नव्हती. कधी रस्ता खचला होता, कधी बर्फ होतं, कधी आईच नववर्षाला त्यांच्याकडे जाऊन आली होती. या वेळी नोरिएने न विचारता दोन तिकिटं काढली आणि काळा किमोनो पेटीत भरला.

"ताई, तिच्यासमोर ते काही निघू नये," तो म्हणाला. "एवढं बघ."

'ते' म्हणजे काय, हे किनुएला विचारायची गरज नव्हती. लहानपणापासून या घरात 'ते' एवढंच म्हटलं जाई.

मग त्याने मनातलं सगळं एका दमात सांगून टाकलं. मुलीचं, कनाएचं, लग्न ठरत आलं होतं. मुलाचे वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. फेब्रुवारीत साखरपुडा, पण त्याआधी ती माणसं कुणालातरी चौकशीला पाठवणार. वडिलांचं मूळ गाव कुठलं, आजोबा काय करत, सगळं बघणार. सेइजीने कुटुंबाची सरकारी नोंद वीस वर्षांपूर्वीच नागोयाला हलवली होती. राहिली होती ती फक्त डोंगरावरची थडगी. त्याच्या मते आता आईच्या अस्थी इथे ठेवायच्याच नाहीत. नागोयात नवी जागा घ्यायची, बाबांच्या अस्थीही तिकडेच न्यायच्या आणि जुने दगड मठाला देऊन टाकायचे.

"आणि मित्सु?" किनुएने विचारलं.

सेइजी क्षणभर गोंधळला. धाकट्या बहिणीचं नाव त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ती गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता.

"तिलाही नेऊ."

"आईने काय सांगितलंय तुला माहीत आहे. मला पोरीशेजारी ठेवा, म्हणाली."

"म्हणून तर म्हणतोय, दोघींना नेऊ." तो घड्याळाकडे बघत म्हणाला, आणि बोलणं तिथेच राहिलं. ओढ्यावरच्या पुलावर गुरुजींची गाडी दिसू लागली होती. तिच्यामागून एक छोटा टेम्पो येत होता. टेम्पो कशाला, असं किनुएच्या मनात आलं, पण नोरिएला एकटीला स्वयंपाकघरात सोडून आल्याची आठवण होऊन ती आत पळाली.

मंत्रपठण नीट पार पडलं. तोकुजीकाका, बाबांचे धाकटे भाऊ, एकोणऐंशीव्या वर्षीही पाठ ताठ ठेवून बसले होते. त्यांच्या बाजूला सेइजी, मागे नोरिए आणि किनुए. आईच्या फोटोसमोर अस्थिकलश पांढऱ्या रेशमात बांधून ठेवला होता. उदबत्तीचा धूर संपल्यावर किनुएने कुट्टूच्या शेवया, उकडलेल्या भाज्या आणि गेल्या आठवड्यात घातलेल्या हिरव्या पाल्याचं लोणचं मांडलं. गुरुजींनी चहाचा पेला घेतला, पण तो हातात धरून नुसताच फिरवत राहिले.

हे धाकटे गुरुजी. त्यांचे वडील, थोरले गुरुजी, दहा वर्षांपूर्वी वारले. स्वभावाने हे मवाळ. आईच्या आजारपणात दोनदा येऊन गेले होते. पण आज त्यांची नजर कुणाच्याच चेहऱ्यावर ठरत नव्हती.

शेवटी त्यांनी झग्यातून एक घडी घातलेला कागद काढला. ते फार वळणं घेऊन बोलले. मुख्य मठाकडून सर्व मठांना पत्र आलं आहे, पूर्वीच्या काळी काही मृतांना दिलेली धर्मनावं आजच्या विचारांना धरून नाहीत, ती बदलून द्यावीत असं ठरलं आहे. या घरचा एकच दगड त्यात येतो. बाळाचा. नवं नाव तयार आहे, नवा दगडही तयार आहे, खाली टेम्पोत पाथरवट थांबला आहे. जुना दगड मठात नेऊन विधिपूर्वक शांत करण्यात येईल. अस्थी ठेवायच्या आधी हे उरकलं तर बरं.

किनुएला आधी काही कळलंच नाही. बाळाच्या दगडावर काय आहे हे तिला माहीत होतं. चार अक्षरं होती, एकेक अक्षर म्हणजे एकेक शब्द. शाळेत असताना, चौदाव्या वर्षी, तिने ती वाचलीही होती. पहिली दोन चांगली, हिम आणि गंध. मित्सु बर्फाच्या दिवसांत गेली होती म्हणून. पुढचं अक्षर बघून ती अडखळली होती आणि तिने बाबांना विचारलं होतं. बाबा चामड्याचे पट्टे कापत होते. मान वर न करता ते म्हणाले, ती मठाची भाषा आहे, तिचा अर्थ आपल्यासारखा लावायचा नसतो. आणि किनुएने ते मानलं होतं. मानणं सोपं होतं म्हणून मानलं होतं.

"या नावात काय चूक आहे, गुरुजी?" तिने विचारलं.

"एक अक्षर... योग्य नाही."

"कुठलं?"

गुरुजींनी कागद उलगडून मेजावर ठेवला. त्यावर सुंदर वळणात लिहिलं होतं: हिमगंध बालकन्या. तीन अक्षरं तीच होती. बदललं होतं ते एकच.

सेइजीने पटकन मध्ये पडून आभार मानले. मठाने आपण होऊन हे मनावर घेतलं हीच मोठी गोष्ट आहे, म्हणाला. आजच उरकून टाकू, जुना दगड खुशाल न्यावा. तोकुजीकाकांनीही मान डोलावली. त्यांचा नातू यंदाच वनखात्याच्या कचेरीत लागला होता, आणि ज्या गोष्टीचा बोभाटा होणार नाही ती गोष्ट काकांना आपोआप बरी वाटे. दोन पुरुष आणि गुरुजी असे तिघं एका बाजूला झाले. किनुएला वाटलं, आता आपणही हो म्हणावं आणि शेवया वाढाव्यात.

नोरिए चहा ओतायला पुढे आली होती. तिचे वडील शाळामास्तर होते, आणि प्रश्न विचारायचा तो नीट, शेवटपर्यंत विचारायचा, ही घरची सवय तिच्यात होती.

"असं नाव का दिलं होतं पण? लहान बाळ होतं ना?"

"त्या काळी," गुरुजी म्हणाले, "अशा घरांना अशी नावं द्यायची पद्धत होती."

"अशा म्हणजे कशा?"

सेइजीने पेला खाली ठेवला. किनुएने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. नोरिए एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

मग तोकुजीकाकांनी उजवा हात वर केला. अंगठा तळव्यात मुडपला आणि चार बोटं ताठ केली.

"अशा," ते म्हणाले.

ही खूण नोरिएने नागोयात लहानपणी पाहिलेली असणारच. बाजारात, शाळेच्या मागे, कुणाच्यातरी पाठीमागे कुणीतरी केलेली. चार बोटं म्हणजे चार पायांचे. मेलेली जनावरं ओढणारे, कातडी कमावणारे, ज्यांच्या हातचं पाणी घेत नसत ते. खालच्या गावात बाजारहाटाला गेलं की ही खूण वाडीतल्या प्रत्येकाने पाहिली होती. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने कुणी केलेली किनुएने आज पहिल्यांदा पाहिली.

नोरिएने चहाचं भांडं मेजावर ठेवलं. सावकाश, थेंबही न सांडता. मग वाकून नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

किनुए तिच्यामागे गेली. नोरिए मोरीपाशी उभी होती, धुतलेले वाडगे पुन्हा धूत होती.

"चोवीस वर्षं," ती म्हणाली. "दर नववर्षाला आई आमच्याकडे यायच्या आणि दोन दिवसांत परत जायच्या. मला इकडे या असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मला वाटायचं, मी त्यांना पसंत नाही. चोवीस वर्षं मी तेच धरून बसले, ताई."

आई नागोयाहून आली की दर वेळी नोरिएने दिलेली मिठाई वाडीतल्या चारही घरांत स्वतः वाटायची. हे सांगावंसं किनुएला वाटलं.

पण नोरिएने तेवढ्यात नळ बंद केला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "कनाएला हे फेब्रुवारीपर्यंत कळता कामा नये."

मिठाईचं किनुएने सांगितलं नाही.

ती परत खोलीत आली आणि बसली नाही, उभीच राहिली. मन कधी ठरलं ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"गुरुजी, नवं नाव द्या. आम्ही घेऊ. पण आधी जुनं वाचा."

"म्हणजे?"

"वर चला. दगडासमोर उभे राहा आणि मोठ्याने वाचा. मग नवं वाचा."

गुरुजींचा चेहरा उतरला. तो शब्द तोंडाने उच्चारणं बरं नव्हे, मृतालाही ते क्लेशाचं होईल, असं काहीसं ते म्हणाले.

"कोरायला चाललं," किनुए म्हणाली, "मग वाचायला का नाही?"

सेइजी उठून तिच्या दंडाला धरायला आला. ताई, हे काय चालवलंयस, कशाला उकरून काढतेस, असं दबक्या आवाजात बोलत राहिला. काकांनी तर सरळ सांगितलं की या वाडीत चार घरं उरली आहेत आणि ती खालच्या गावाच्या मेहेरबानीवर नांदताहेत. उद्या मठाशी वाकडं आलं तर आमची हाडं कुठे ठेवणार? त्यात खोटं काहीच नव्हतं. किनुए ऐकून घेत होती.

दारातून नोरिएचा आवाज आला. ती ओले हात पुसत उभी होती.

"गुरुजी, घाई कशाची आहे? आजच का?"

नोरिए थांबली. ती विचारून वाट बघत राहणाऱ्यांतली होती. शेवटी गुरुजींनी सांगितलं की डिसेंबरात मुख्य मठाची माणसं पाहणीला येणार आहेत. कुठल्या मठाच्या अखत्यारीत असे किती दगड आहेत ते मोजणार आहेत.

"म्हणजे त्याआधी दगड नाहीसे व्हायला हवेत," नोरिए म्हणाली.

गुरुजींनी मान खाली घातली. ते म्हणाले, "ते नाव माझ्या वडिलांनी दिलं. नोंदवहीत त्यांचंच अक्षर आहे." आणि उठले. "चला. वाचतो मी."

वाडीची थडगी मठाच्या आवारात नव्हती. आवाराच्या कुंपणाबाहेर, उतारावर, जिथे सकाळचं दहिवर दुपारपर्यंत वितळत नाही, तिथे होती. पुढे गुरुजी, मागे कलश घेतलेला सेइजी, मग काका काठी टेकत, आणि दोघी बायका. पाथरवट हत्यारांची पिशवी घेऊन जरा अंतराने येत होता. खालच्या गावचा म्हातारा माणूस, त्याला बोलावंसं वाटत नव्हतं हे दिसत होतं.

मित्सुचा दगड गुडघ्याएवढाच. त्याच्यावर लाल लाळेरं बांधलेलं होतं, पोरासोरांच्या थडग्यांवर किंवा रस्त्याकडेच्या रक्षकमूर्तींना बांधतात तसं. आई तेरा वर्षं दर वसंतात नवं लाळेरं शिवून बांधायची. म्हातारपणी लेकरू आठवतं, असं वाडीत सगळे म्हणत. किनुएही म्हणे.

गाठ गोठून घट्ट झाली होती. नोरिएने गारठलेल्या बोटांनी थोडा वेळ खटपट केली, मग किनुएने फुलांच्या कात्रीने बंद कापला आणि लाळेरं खाली आलं.

गुरुजी पुढे झाले. त्यांनी हात जोडले, घसा साफ केला. "हिमगंध," ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "हिमगंध." मग एकदम, मंत्र म्हणतात त्या उंच आवाजात त्यांनी पुरं केलं:

"हिमगंध पशुकन्या."

पाच महिन्यांचं बाळ होतं ते. आठ वर्षांची किनुए त्याला पाठुंगळीला बांधून ओढ्यावर धुणं धुवायला जायची. त्याच्या लाळेने तिची मान सतत ओली असायची.

गुरुजी तिथेच, ओल्या मातीत, गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला टेकलं. किनुएला वाटलं होतं की हे पाहून आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ती दगडाकडे बघत होती. तिसऱ्या अक्षरावर काहीतरी होतं.

ओरखडे होते. उभे, आडवे, एकावर एक, शेकड्यांनी. काही जुने काळपट, काही पांढरे ताजे. बाकीच्या तीन अक्षरांना धक्काही नव्हता. फक्त त्या एका अक्षरावर कुणीतरी वर्षानुवर्षं काहीतरी घासलं होतं, आणि दगड इतका कठीण की अक्षर होतं तसंच राहिलं होतं.

पाथरवट वाकला. त्याने अंगठा त्यावरून फिरवला.

"छिन्नी नाही ही," तो म्हणाला. "विळ्याचं टोक आहे."

थडग्याभोवतीचं गवत काढायला म्हणून आई विळा घेऊन वर जायची. गवताने विळ्याचं टोक असं कसं झिजतं, म्हणून किनुए कुरकुर करायची आणि पुन्हा धार लावून ठेवायची. तेरा वर्षं तिनेच धार लावून दिली होती. शेवटचे ओरखडे अगदी फिके होते, केसाएवढे. यंदाच्या उन्हाळ्यात आईच्या मनगटात जोर राहिला नव्हता.

आणि त्याबरोबर दुसरंही आठवलं. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं. त्रेसष्टाव्या वर्षी वाडीतल्या बायकांसाठी संध्याकाळची शाळा निघाली आणि आई वही घेऊन जाऊ लागली. एका दुपारी ती किनुएकडे आली. वहीच्या मागच्या पानावर तिने कुठूनतरी एक अक्षर उतरवून आणलं होतं, मोठं, वेडंवाकडं. हे काय गं? किनुए आळिंब्यांची पाकिटं भरत होती, दोनशे पाकिटं संध्याकाळच्या आत जायची होती. ती म्हणाली, अगं पशुखाद्याच्या पोत्यावर असतं ते. पशू. आईने विचारलं, आणखी काही अर्थ असतो? मठात वगैरे? किनुए म्हणाली, नाही, एवढाच. आई 'बरं' म्हणाली आणि घेवडा सोलायला बसली. पुढच्या आठवड्यात पहिलं लाळेरं बांधलं गेलं.

पाथरवटाने पिशवी उघडली. दगड उपटायची पहार त्याने हातात घेतली आणि गुरुजींकडे पाहिलं.

"हा दगड हलणार नाही," किनुए म्हणाली. "नवा याच्या शेजारी बसवा."

"अगं पण पाहणीला येतील, लिहून नेतील," काका म्हणाले. "सगळीकडे होईल."

"होऊ दे."

"किनुए, तू बाईमाणूस, तुझं काय जातंय? पोरांच्या नोकऱ्या आहेत, लग्नं आहेत..." काकांनी सेइजीकडे वळून पाहिलं. त्यांना त्याची साथ हवी होती, आणि ती मिळणार याची खात्रीही होती.

सेइजी कलश छातीशी धरून उभा होता. त्याचा छापखाना होता. अक्षरं घासली तर झिजतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार! तो त्या ओरखड्यांकडे बघत होता. मग तो वाकला, एका हाताने कलश सांभाळत दुसऱ्या हाताचं बोट त्या अक्षरावरून त्याने खालपासून वरपर्यंत फिरवलं, आणि बोट तिथेच राहू दिलं.

"राहू दे, काका," तो म्हणाला. "आईचा हात आहे त्याच्यावर."

काका काठी आपटून दूर जाऊन उभे राहिले. ते अस्थी ठेवेपर्यंत थांबले, पण परत जाताना कुणाशी बोलले नाहीत, आणि पुढे कितीतरी महिने किनुएच्या दारावरून जाताना त्यांनी मान वळवली नाही.

गुरुजींनी नवं नाव वाचलं. पाथरवटाने नवा दगड बसवला, पांढरा, गुळगुळीत. जुन्या दगडाशेजारी तो फारच नवा दिसत होता. मग सेइजीने लगतच्या, बाबांच्या थडग्याच्या पायथ्याची शिळा सरकवली आणि आईचा कलश बाबांच्या शेजारी, बाळाच्या बाजूला ठेवला. नागोयाची जागा, जुने दगड मठाला देणं, यातलं काहीच कुणी पुन्हा काढलं नाही. नोरिएने दोन्ही दगडांवर पाणी घातलं, आधी नव्यावर, मग जुन्यावर, आणि जुन्यावर जास्त वेळ.

साडेचारची बस ओढ्याच्या अलीकडे थांबते. तिघं थांब्यावर उभी होती. नोरिए जरा पुढे, पाठमोरी. किनुएने तिच्या पिशवीत लोणच्याचा डबा घातला तेव्हा ती एकदम म्हणाली:

"तो चौकशीचा माणूस इथवर येईल, नाही का?"

"येईल," किनुए म्हणाली. "पूर्वीही आलेत. वाडीत नाही येत, खालच्या गावात विचारतात."

"तुम्हाला विचारलं तर?"

"विचारेल ते सांगेन. खोटं नाही सांगायची."

नोरिए रस्त्याकडे बघत राहिली. ती म्हणाली, "मग त्याच्याआधी कनाएला मी इथे घेऊन येते. तिने हे कुण्या परक्याकडून ऐकायला नको." तिचा आवाज आनंदाचा नव्हता, माफीचाही नव्हता. "लग्न मोडेल कदाचित. मला अजून काही कळत नाहीये. पण आणते." मग ती पुढे जाऊन वेळापत्रकाच्या फळीपाशी उभी राहिली, बहीणभावाला एकटं सोडून.

सेइजीने सिगारेट काढली आणि पेटवलीच नाही.

"तेरा वर्षं तिने कुणाला सांगितलं नाही," तो म्हणाला.

हे बोललं नाही तर आपण आयुष्यभर बोलणार नाही, हे किनुएला कळलं.

"मला विचारलं होतं तिने. ते अक्षर वहीत लिहून आणलं होतं. मी म्हटलं, पशू. दुसरा काही अर्थ नाही, म्हटलं. मान वर करून बघितलंसुद्धा नाही मी तिच्याकडे, सेइजी. कशासाठी विचारतेस, एवढंही नाही विचारलं."

वळणावर बसचे दिवे दिसले, झाडांमागे गेले, पुन्हा दिसले.

"ती नागोयाला आली होती तेव्हा," तो शेवटी म्हणाला. "त्याच वर्षी. छापखान्यात माझ्याशेजारी दिवसभर बसली होती, वही मांडीवर घेऊन. मला विचारता आलं असतं." सिगारेट त्याने परत पाकिटात ठेवली. "मला विचारलं असतं, तर मी काहीतरी चांगला अर्थ बनवून सांगितला असता, ताई. म्हणून तर तिने तुला विचारलं."

बस थांबली. नोरिए चढली आणि तिने खिडकीजवळची जागा सेइजीसाठी मोकळी ठेवली.